घरी घडविलेली मोटार : सातारा-सांगली परिसरातील एका कारागिरीचा विचार

औद्योगिक इतिहास लिहावयास बसले म्हणजे आपण बहुधा कारखान्यांचाच इतिहास लिहितो. भांडवल कोणी घातले, जागा कोणी दिली, पहिला माल केव्हा बाहेर पडला, कामगार किती होते, या गोष्टी कागदोपत्री सापडतात म्हणून त्यांनाच इतिहास म्हणण्याची सवय जडते. परंतु यंत्राची ओळख समाजाला केवळ कारखान्याच्या दाराने होत नाही. घराच्या पडवीत, शेतातल्या छपरात, गॅरेजच्या मागच्या आवारात रात्री-बेरात्री काम करणारा मनुष्य स्वतःसाठी एखादे यंत्र उभे करतो, त्यात वर्षे घालवितो, आणि त्यातून विकावयास काहीच निर्माण होत नाही. अशा कामाची नोंद कोणत्याही अहवालात होत नाही. प्रस्तुत निबंधात सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांच्या व त्यांच्या लगतच्या मुलखाच्या संदर्भात अशा एका कामाचा, म्हणजे घरी घडविलेल्या मोटारीचा, विचार करावयाचा आहे.

हे दोन जिल्हे एकत्र घेण्यास कारण आहे. संस्थाने विलीन झाल्यावर १९४९ साली जुन्या सातारा जिल्ह्याचे उत्तर व दक्षिण असे दोन भाग झाले आणि १९६० साली दक्षिण साताऱ्यास सांगली हे नाव मिळाले. कृष्णा आणि तिच्या उपनद्यांच्या काठचा हा सलग प्रदेश. बागायतीचा, उसाचा, गुऱ्हाळांचा आणि म्हणूनच पंपांचा व एंजिनांचा. येथील यंत्रविद्येचा उगम शेतीच्या गरजेत आहे, ही गोष्ट पुढील विवेचनात ध्यानी ठेवणे अगत्याचे आहे.

आता घरगुती मोटारीच्या परंपरेचे जे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण जगाच्या इतिहासात आहे, ते अमेरिकेतील ‘हॉट रॉड’ मोटारींचे होय. ही संज्ञा आपल्याकडे फारशी रूढ नाही, म्हणून थोडा खुलासा करतो. फोर्डची मॉडेल टी ही मोटार १९०८ साली निघाली व १९२७ पर्यंत तिचे दीड कोटी नग बाहेर पडले. तिच्यामागून आलेली मॉडेल ए १९३१ पर्यंत चालली. १९३२ साली फोर्डने आठ सिलिंडरांचे व्ही-आकाराचे एंजिन सामान्य गिऱ्हाइकाच्या आवाक्यात आणले. परिणाम असा झाला की १९३० नंतरच्या दशकात कॅलिफोर्नियातील तरुणास जुनी, मोडकी फोर्ड नाममात्र किमतीत मिळू लागली. तिचे मडगार्ड काढावे, छत कापून खाली आणावे, जुने एंजिन उतरवून जागी मोठे बसवावे आणि मुरॉकसारख्या कोरड्या सरोवराच्या सपाट तळावर ती पळवून पाहावी, असा छंद रुजला. १९३७ साली या हौशी मंडळींची दक्षिण कॅलिफोर्नियात संघटना झाली व १९४८ साली त्यांचे मासिक निघाले. महायुद्धातून परतलेल्या, सैन्यात यंत्रकाम शिकलेल्या तरुणांनी ही हौस वाढविली. यांतील पुष्कळ मोटारी वर्षानुवर्षे अस्तराच्या करड्या रंगातच धावत. वरचा रंग चढविण्यास पैसा उरला म्हणजे तो पुन्हा एंजिनातच जाई.

या छंदाच्या मुळाशी एक आर्थिक सत्य आहे, आणि त्याकडे छंदाचे कौतुक करणारांचे लक्ष क्वचितच जाते. हॉट रॉड हे विपुलतेचे अपत्य आहे. १९२९ सालीच अमेरिकेत दोन कोटींहून अधिक मोटारी नोंदलेल्या होत्या, आणि जेथे मोटारी एवढ्या असतात तेथे मोडीचे ढीगही तेवढेच असतात. तयार सांगाडा फुकटच्या भावात मिळाल्यामुळे अमेरिकी तरुणाची सारी बुद्धी एंजिनावर खर्च झाली. आपल्या मुलखात स्थिती नेमकी उलट होती. मोटार संस्थानिकाकडे, वकिलाकडे, डॉक्टराकडे किंवा सर्व्हिस मोटारवाल्याकडे. ती मोडली तरी मोडीत जात नसे, दहा वेळा दुरुस्त होऊन दहाव्या मालकाकडे जाई. तेव्हा कृष्णाकाठच्या हौशी कारागिराला जुन्या मोटारीवर नवे काम करण्याची सोयच नव्हती. त्याला मोटार पहिल्यापासून, म्हणजे चासीच्या पहिल्या लोखंडी पट्टीपासून, घडवावी लागली. मग ही परंपरा कोठून आली?

तिचे एक मूळ बलुतेदारीत शोधावे लागेल. बैलगाडी ही गावच्या सुताराची व लोहाराची संयुक्त निर्मिती. तुंबा, आरे आणि पाट्या जुळवून सुताराने चाक उभे करावे, आणि लोहाराने लाल तापविलेली धाव त्यावर चढवून पाणी ओतावे. धाव आकसली की लाकूड आवळले जाते आणि सारे चाक एकजीव होते. यात माप चुकून चालत नाही. धाव किंचित सैल राहिली तर निखळते, फार घट्ट झाली तर आरे वाकतात. ही उष्णतेने फुगणाऱ्या व थंडाव्याने आकसणाऱ्या धातूची विद्या गावच्या लोहाराजवळ पिढ्यान् पिढ्या होती. तिला पुस्तक नव्हते, एवढ्यावरून ती विद्या नव्हती असे म्हणता येत नाही. पुढे हाच मनुष्य आसाला बेअरिंग बसवू लागला तेव्हा त्याने नवा धंदा धरला असे लोकांस वाटले. वस्तुतः तो जुनेच काम नव्या वस्तूवर करीत होता.

दुसरे मूळ किर्लोस्करवाडीच्या बाजूस आहे. लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनी बेळगावात सायकलींच्या दुकानापासून आरंभ केला, कडबा कापण्याची यंत्रे व लोखंडी नांगर केले, आणि १९१० साली औंध संस्थानच्या अधिपतींनी दिलेल्या जागेवर, कुंडल रोड स्थानकाजवळच्या ओसाड माळावर, कारखाना वसविला. हा माळ आज सांगली जिल्ह्यात आहे. साताऱ्याच्या बाजूस धनजीशा कूपर यांच्या कारखान्यानेही १९२० नंतरच्या दशकात नांगर व पुढे तेलावर चालणारी एंजिने केली. या कारखान्यांचा इतिहास पुष्कळांनी लिहिला आहे, तो येथे पुन्हा सांगण्याचे प्रयोजन नाही. आमच्या विषयाशी संबंध आहे तो त्यांच्या मालाशी नसून त्या मालाच्या दुरुस्तीशी. विहिरीवर एंजिन बसले की ते बंद पडणार, आणि बंद पडले की उभे पीक वाळणार. त्यामुळे प्रत्येक बाजारगावात एंजिन खोलून जोडणारा फिटर निर्माण झाला. रिंगा बदलणे, व्हॉल्व्ह घासणे, लेथवर बुश कातणे या गोष्टी १९५० च्या आसपास कराड, विटा, तासगाव, इस्लामपूर यांसारख्या गावांच्या अंगवळणी पडत चालल्या होत्या. महायुद्धानंतर लष्कराने मोडीत काढलेल्या जीपा व ट्रक ‘डिस्पोजल’च्या मालातून देशभर विकले गेले आणि तेव्हा प्रथमच सामान्य मेकॅनिकच्या हाती डिफरन्शियल, गिअरबॉक्स, स्टिअरिंगचा सांगाडा असे सुटे अवयव आले. लोहाराची भट्टी, फिटरचा पाना आणि डिस्पोजलचा माल या तिहींच्या संगमातून घरगुती मोटारीची शक्यता उत्पन्न झाली, असे आमचे मत आहे.

या शक्यतेचा सर्वांत मोठा आविष्कार सांगलीच्या सीमेला लागून, इचलकरंजीच्या परिसरात झाला. शंकरराव कुलकर्णी यांच्या ‘मीरा’ मोटारीची कथा महाराष्ट्रात अधूनमधून आठवली जाते आणि दर वेळी तिच्यावर हळहळ व्यक्त होते. शाळेच्या सातवी इयत्तेपर्यंत शिकलेल्या या गृहस्थांनी १९४५ च्या सुमारास छोटी मोटार करण्याचे मनावर घेतले. १९४९ साली दोन माणसे बसतील असा पहिला नमुना तयार झाला. नंतर सुमारे पंचवीस वर्षे ते एकामागून एक नमुने करीत राहिले. एंजिन मागच्या बाजूस, पोलादी पाट्यांऐवजी रबरावर आधारलेली झुलण, वजनात काटकसर, आणि किंमत मध्यमवर्गीयास झेपेल अशी म्हणजे बारा हजार रुपयांच्या आसपास, हे त्यांच्या योजनेचे मुख्य धागे होते. १९७५ च्या सुमारास प्रयत्न थांबला. मोटार विक्रीस कधीच आली नाही.

मीराविषयी जे लिहिले जाते त्यात एक सरळ आरोप असतो की सरकारी परवान्याने एका स्वदेशी मोटारीचा गळा घोटला. या आरोपात तथ्यांश आहे. १९५१ च्या उद्योग (विकास व नियमन) कायद्याने मोटारीचे उत्पादन परवान्याच्या कक्षेत आले होते. १९५३ साली टॅरिफ कमिशनच्या शिफारशीनंतर मोजक्याच कंपन्यांनी मोटारी कराव्यात असे धोरण ठरले होते. छोट्या ‘जनता मोटारी’ची चर्चा ल. का. झा यांच्या समितीपासून चालू होती, आणि अखेर १९८३ च्या डिसेंबरात मारुतीच्या रूपाने ती मोटार आली तेव्हा तिचा आराखडा जपानी होता. हे सारे खरे. तथापि हळहळीच्या भरात आपण एक भेद विसरतो. एक मोटार करणे आणि एकासारख्या दहा हजार मोटारी करणे ही दोन निराळी कामे आहेत. घरच्या कारागिराचे सामर्थ्य असे की प्रत्येक भाग तो शेजारच्या भागाशी घासून, ठोकून जुळवितो. कारखान्याला हेच चालत नाही. तेथे कोणताही भाग कोणत्याही मोटारीस न घासता बसला पाहिजे. त्यासाठी लागणारे साचे, गेज आणि प्रेस यांवर मोटारीच्या मूळ कल्पनेहून कितीतरी अधिक भांडवल पडते. फोर्डला ते उभे करावे लागले, किर्लोस्करांना नांगराच्या मर्यादेत का होईना करावे लागले. कुलकर्णी यांना परवाना मिळाला असता तरी हा डोंगर पुढे उभाच होता. त्यांच्या कर्तृत्वाला यामुळे उणेपणा येत नाही. उलट त्याचे मोल आपण चुकीच्या तराजूत केले, एवढेच सिद्ध होते. पंचवीस-तीस वर्षे एक मनुष्य एका वस्तूचे एकेक रूप करून पाहतो, आधीच्या रूपातील दोष पुढच्यात काढतो आणि थांबत नाही. ही संशोधकाची रीत आहे. विक्रीचा आकडा शून्य म्हणून तिला अपयश म्हणावयाचे असेल तर विद्यापीठांतील पुष्कळ कामास तेच नाव द्यावे लागेल.

मीराच्या इतिहासात आणखी एक गोष्ट आहे व ती आमच्या दृष्टीने अधिक महत्त्वाची आहे. तिच्या नमुन्यांना नोंदणी-क्रमांक मिळाले आणि ते रस्त्यावर धावले. म्हणजे १९३९ च्या मोटार वाहन कायद्याखाली, एका माणसाने घरी केलेली मोटार तपासून तिला रस्त्यावर येऊ देणे शक्य होते. उत्पादनास परवाना नव्हता, पण अस्तित्वास मज्जाव नव्हता. ही स्थिती पुढे बदलली, आणि तो बदल कोणी ठरवून या कारागिरांविरुद्ध केला असेही नाही. १९८८ चा नवा कायदा व १९८९ चे केंद्रीय नियम यांनी ‘वाहन म्हणजे उत्पादकाने केलेली वस्तू’ हे गृहीत धरले. नियम १२६ अन्वये प्रत्येक नमुना मान्यताप्राप्त संस्थेकडून तपासून घ्यावा लागतो. अशा संस्थांपैकी पुण्याची ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन आणि अहिल्यानगरची (त्या वेळचे अहमदनगर) लष्करी वाहन-संशोधन संस्था या दोन तर आमच्या प्रदेशापासून एका दिवसाच्या वाटेवर आहेत. पण ती तपासणी हजारो नगांच्या आधी करावयाच्या नमुन्याची आहे. एकुलत्या एका मोटारीचा खर्च तिला पेलत नाही. कलम ५२ अन्वये, उत्पादकाने ठरविलेल्या तपशिलांत फरक पडेल असा बदल मालकास करता येत नाही आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१९ च्या जानेवारीत हा अर्थ अधिक कडक केला. त्याआधी २०१३ साली उत्तर भारतातील ‘जुगाड’ गाड्यांविषयी त्याच न्यायालयाने, त्या मोटार-वाहनच आहेत व कायद्याचे सारे नियम त्यांस लागू आहेत, असा निर्णय दिला होता.

न्यायालयाची भूमिका समजण्यासारखी आहे. ब्रेक नसलेल्या गाडीत तीस माणसे कोंबून नेणे ही कारागिरी नव्हे. परंतु या निमित्ताने ‘जुगाड’ हा शब्द मराठीत शिरला आणि घरी घडविलेल्या प्रत्येक वस्तूस चिकटला, याचे आम्हांस वाईट वाटते. जुगाड म्हणजे वेळ मारून नेणे. ज्या माणसाने दोन वर्षे एका चासीवर घालविली त्याने वेळ मारून नेली नाही, वेळ दिली. इंग्लंडात एकेका वाहनाची स्वतंत्र तपासणी करून मान्यता देण्याची पद्धत आहे. कॅलिफोर्नियात स्वतः बांधलेल्या वाहनांचा वेगळा वर्गच नोंदणीत आहे. त्या देशांत रस्ते आपल्याहून कमी सुरक्षित झाले असे दिसत नाही.

आता अलीकडच्या काळाकडे वळू. टाळेबंदीच्या आगेमागे सांगली जिल्ह्यातील दोन घरगुती मोटारींची वृत्ते प्रसिद्ध झाली. पहिली सांगलीजवळच्या काकडवाडी येथील एका मेकॅनिकने केलेली. ती १९३० च्या फोर्डच्या घाटाची होती, म्हणजे नेमकी मॉडेल ए, जिच्यावर कॅलिफोर्नियातील तरुणांनी आपला छंद पोसला तीच. वृत्तांप्रमाणे तीत बजाज एम-८० या दुचाकीचे एंजिन होते व एकूण खर्च सुमारे तीस हजार रुपये आला. योगायोग लक्षणीय आहे, पण त्याहून लक्षणीय आहे तो विरोध. अमेरिकेतील हौशी मनुष्याजवळ फोर्डचा सांगाडा होता व त्याला एंजिन मोठे हवे होते. सांगलीच्या माणसाजवळ एंजिन होते व त्याला फोर्डचा सांगाडा हवा होता. मूळ मॉडेल ए चे एंजिन सुमारे ३,३०० घनसेंटिमीटरांचे, एम-८० चे सुमारे ७५. म्हणजे चव्वेचाळिसावा हिस्सा. एकाने वेगासाठी रूप कापले, दुसऱ्याने रूपासाठी वेग सोडला. भंगार ज्याचे विपुल त्याप्रमाणे छंदाची दिशा ठरते, हे आमचे आधीचे विधान येथे जणू प्रयोगाने ताडून पाहता येते. अमेरिकेत १९३५ साली भंगारात मोटारी होत्या. सांगलीत २०२० साली भंगारात दुचाक्या होत्या.

दुचाकीच्या एंजिनावर चारचाकी चालविणे हे ऐकावयास सोपे वाटते. म्हणून त्यातील अडचणी थोड्या विस्ताराने सांगणे उचित होईल. कारागिराच्या बुद्धीची खरी कसोटी तेथेच लागते. पहिली अडचण मागे जाण्याची. दुचाकीस उलटा गिअर नसतो, कारण ती पायाने मागे ढकलता येते. चारचाकी ढकलता येत नाही. म्हणून रिक्षाचा गिअरबॉक्स मध्ये घालणे किंवा साखळीच्या मार्गात उलट फिरणारे दात बसविणे, असा काही उपाय योजावा लागतो. दुसरी वळणाची. गाडी वळते तेव्हा बाहेरचे चाक आतल्यापेक्षा अधिक अंतर कापते. दोन्ही मागची चाके एकाच आसावर घट्ट बसविली तर एक चाक घसटत जाते व टायर झिजतो. रिक्षाचे डिफरन्शियल मिळाले तर प्रश्न सुटतो, न मिळाल्यास एकाच चाकाला गती देऊन दुसरे मोकळे सोडावे लागते. पुढच्या चाकांतही असाच भेद आहे. आतले चाक बाहेरच्याहून अधिक वळले पाहिजे, तेव्हा स्टिअरिंगच्या दांड्या एका विशिष्ट कोनात कलत्या घ्याव्या लागतात. हे गणित एकोणिसाव्या शतकापासून ग्रंथांत आहे. गॅरेजमधला मनुष्य ते दांडी वाकवून, गाडी वळवून, टायरची खूण पाहून शोधतो. तिसरी अडचण उष्णतेची. हवेने थंड होणारे एंजिन दुचाकीवर उघड्या वाऱ्यात असते, तेच बॉनेटखाली कोंडले की तापून आवळते. त्यासाठी पंखा किंवा पत्र्याची वाट करून वारा आत आणावा लागतो.

आणि मग पत्रा. मॉडेल ए चे मडगार्ड हे दुहेरी वळणाचे आहे. एका दिशेने वाकविलेला पत्रा कोणीही वाकवील, पण दोन दिशांनी वळण हवे असेल तर पत्र्याला हातोड्याने ताणावे व आकसवावे लागते. मध्यभागी ठोकले की धातू पसरतो व फुगतो, कडेला चुण्या घालून ठोकले की तो आत येतो. हे काम भांडी घडविणाऱ्या तांबटाचे आहे, आणि टिंकरची विद्या तेथूनच आलेली आहे. वेल्डिंगच्या आचेने सपाट पत्रा लाटा घेतो. त्या लाटा काढण्यातच महिने जातात. राहिलेले खड्डे लांबी भरून, पाण्याच्या कागदाने घासून एकसारखे करावयाचे. येथे प्रामाणिक आणि अप्रामाणिक काम यांचा भेद होतो. पत्रा नीट न ठोकता लांबीचा जाड थर चढविला तर गाडी पहिल्या दिवशी सुंदर दिसते व पहिल्या पावसाळ्यानंतर तिला भेगा जातात. घरी करणाराला घाई नसते. त्याला दोष लपवून कोणाला काही विकावयाचे नसते, आणि म्हणून घरची कामे पुष्कळदा धंद्याच्या कामांहून सचोटीची असतात. अर्थात घाई नसल्यामुळेच त्यांतील कित्येक कधी पुरी होत नाहीत, हेही सांगितले पाहिजे. छपरात ताडपत्रीखाली झाकलेल्या अर्धवट चासी हा या इतिहासाचा फार मोठा भाग आहे.

दुसरी मोटार देवराष्ट्रे येथील. हे गाव यशवंतराव चव्हाण यांचे जन्मस्थान म्हणून महाराष्ट्रास ठाऊक आहे. त्यांचा जन्म झाला तेव्हा, १९१३ साली, ते सातारा जिल्ह्यात होते, आज सांगली जिल्ह्यात कडेगाव तालुक्यात आहे. येथील एका लोहार कारागिराने मुलाच्या हट्टाखातर जीपच्या घाटाची छोटी चारचाकी केली. खर्च सुमारे साठ हजार. एंजिन दुचाकीचे, चाके रिक्षाची, सुरू करावयाची ती दुचाकीसारखी लाथ मारून. स्टिअरिंग डाव्या बाजूस होते. २०२१ च्या डिसेंबरात या गाडीचे चलच्चित्र सर्वत्र पसरले. ते पाहून उद्योगपती आनंद महिंद्रा यांनी जाहीर केले की ही गाडी नियमांत बसत नसल्याने अधिकारी ती आज ना उद्या थांबवितील. तेव्हा आपण तिच्या बदल्यात एक नवी बोलेरो देऊ आणि ही गाडी आपल्या कंपनीच्या संशोधनकेंद्रात ठेवू.

या प्रस्तावाचे देशभर कौतुक झाले व ते अनाठायी नव्हते. कारागिराला सन्मान मिळाला, कुटुंबाला चांगली मोटार मिळाली. परंतु इतिहासाच्या अभ्यासकाने या व्यवहाराकडे थोडे निराळ्या दृष्टीने पाहावयास हवे. महिंद्रांच्या कंपनीचा वाहनधंदाच मुळी महायुद्धानंतर विलीज जीपचे भाग आणून जोडण्यापासून सुरू झाला. म्हणजे जो आकार अमेरिकेतून सुट्या भागांच्या रूपाने आला, कारखान्यात रुजला, रस्त्यावर लोकांच्या डोळ्यांत बसला, तो देवराष्ट्र्याच्या भट्टीत पुन्हा हाताने घडविला गेला आणि अखेर कारखान्याने तो परत घेतला. या प्रवासात गाडीचे एक काम बदलले. देवराष्ट्र्यात ती वाहन होती, संशोधनकेंद्रात ती दर्शनी वस्तू झाली. ज्या दिवशी तिला मान मिळाला त्याच दिवशी तिचे चालणे थांबले. यात दोष कोणा व्यक्तीचा नाही. कायद्याने घरच्या मोटारीला दोनच जागा शिल्लक ठेवल्या आहेत, एक जप्तीचे आवार आणि दुसरी प्रदर्शनाचे दालन.

तिसरी जागा असू शकते, याचे उदाहरण मात्र याच मुलखाशी नाते सांगणाऱ्या एका माणसाने, मोटारीच्या नव्हे तर विमानाच्या बाबतीत, घालून दिले आहे. कॅप्टन अमोल यादव यांचे कुटुंब मूळचे सातारा जिल्ह्यातील. व्यवसायाने वैमानिक असलेल्या यादवांनी १९९८ पासून विमान बांधण्याचे प्रयत्न केले. आधीचे प्रयत्न पैसा व परवानगी यांअभावी वाया गेले. शेवटी कांदिवलीतील आपल्या राहत्या इमारतीच्या गच्चीवर त्यांनी सहा आसनांचे विमान बांधले. २०१६ च्या फेब्रुवारीत ते क्रेनने खाली उतरवून वांद्रे-कुर्ला संकुलातील औद्योगिक प्रदर्शनात मांडले गेले. नागरी विमानवाहतूक खात्याकडे नोंदणी व्हावयास २०१७ चा नोव्हेंबर उजाडला, उड्डाणाची अनुमती २०१९ साली मिळाली आणि २०२० साली धुळे येथे ते आकाशात गेले. विमान हे मोटारीहून कितीतरी धोक्याचे यंत्र. तरीही हौशी माणसाने बांधलेल्या विमानाची तपासणी करून त्यास अनुमती देण्याची वाट विमानविषयक नियमांत, कितीही खडतर असो, होती, आणि एका चिवट माणसाने ती शेवटपर्यंत चालून दाखविली. मोटारीच्या नियमांत तशी वाट १९३९ च्या कायद्याखाली होती व ती पुढे बुजली. काकडवाडीच्या फोर्डला आणि देवराष्ट्र्याच्या जीपला जे मिळाले नाही ते १९४९ सालच्या मीराला मिळाले होते, हा कालक्रम उलटा वाटतो, पण तसाच आहे.

देवराष्ट्र्याच्या गाडीची अदलाबदल २०२२ च्या जानेवारीत झाली. त्याआधीच्या दिवसांत वृत्तपत्रांतून असे आले होते की कुटुंबाला ती गाडी देववत नव्हती. घरची पहिली लक्ष्मी म्हणून तिच्यावर जीव होता. कंपनीला हवीच असेल तर आपण तशीच दुसरी करून देतो, असे त्या कारागिराचे म्हणणे होते.